पुस्तकांच्या खोलीत थरार मावत नाही म्हणे!

विज्ञानकथेच्या वाचकांत आणि तिच्यावर लिहिणाऱ्यांत एक तक्रार वर्षानुवर्षे फिरते आहे. कथा ग्रंथालयात शिरली की बसली! लाकडी कपाटे, पिवळा दिवा, आरामखुर्ची आणि चष्मा पुसत बसलेले म्हातारे प्राध्यापक हा सगळा सरंजाम रहस्यकथेला शोभतो, फार तर भूतकथेला. विज्ञानकथेला यान हवे, प्रयोगशाळा हवी, निदान एखादा स्फोट तरी हवा. या तक्रारीमागे तीन आरोप आहेत. एक, ग्रंथालयात काही घडत नाही, लोक नुसते बसलेले असतात. दोन, ग्रंथालय मागे पाहते आणि विज्ञानकथेला पुढे पाहायचे असते. तीन, ग्रंथालय उबदार आणि सुरक्षित असते, तिथे भीती उभी राहत नाही.

तिन्ही आरोप ऐकायला बिनतोड वाटतात आणि तिन्ही खोटे आहेत. ते खोटे पाडायला कुठली आडवळणाची उदाहरणेही शोधावी लागत नाहीत. तक्रार करणारी मंडळी ज्या कलाकृतींची नावे आदराने घेतात, त्याच पुन्हा नीट वाचल्या आणि पाहिल्या तरी पुरे.

आधी ‘काही घडत नाही’ हा आरोप. आयझॅक असिमोव्हची ‘द म्यूल’ ही दीर्घकथा १९४५ च्या नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ मासिकात आली आणि पुढे ‘फाउंडेशन अँड एम्पायर’ या पुस्तकाचा उत्तरार्ध झाली. माणसांच्या भावना हव्या तशा वळवणारा म्यूल आकाशगंगा जिंकत सुटला आहे, एकेक ग्रह त्याच्यापुढे शरण जातो आहे. मसाला भरपूर आहे. पण कळस घडतो तो उजाड झालेल्या ट्रँटर ग्रहावर, लुटीतून वाचलेल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. एब्लिंग मिस नावाचा विद्वान तिथे जुन्या नोंदींत बुडून गेला आहे. त्याचे खाणेपिणे सुटले आहे, शरीर खंगत चालले आहे. म्यूलला रोखू शकेल असे दुसरे फाउंडेशन कुठे लपले आहे, एवढेच त्याला शोधायचे आहे. अखेर ते त्याला सापडते. तो सांगायला तोंड उघडतो आणि त्याच क्षणी बेटा, त्याची सोबतीण, त्याला ठार मारते. सोबत आलेला भेदरट विदूषक हाच म्यूल आहे, हे तिला एकटीला उमगलेले असते.

एक वाचणारा माणूस, एक ऐकणारा माणूस आणि एक शस्त्र. आकाशगंगेचे पुढचे भवितव्य एवढ्या भांडवलावर पणाला लागले आहे. मिस जितका उत्तराजवळ जातो तितका मरणाजवळ जातो, आणि वाचकाला हे नीट कळते तेव्हा उशीर झालेला असतो. याला जर ‘नुसते बसणे’ म्हणायचे, तर बुद्धिबळाच्या अंतिम सामन्यातही दोन माणसे बसलेलीच असतात.

आंद्रेई तारकोव्हस्कीचा ‘सोलारिस’ (१९७२) पाहा. सोलारिस या परग्रहाभोवतीचे अंतराळस्थानक मोडकळीला आले आहे. पण त्याच स्थानकात तारकोव्हस्कीने एक ग्रंथालय उभे केले आहे. तिथे पुस्तकांची कपाटे आहेत, झुंबर आहे, मेणबत्त्या आहेत, भिंतीवर ब्रुगेलची चित्रे आहेत. एखाद्या जुन्या घराण्याच्या दिवाणखान्यात आल्यासारखे वाटते. स्नाउट या शास्त्रज्ञाच्या वाढदिवसासाठी चौघे तिथे जमतात. चौघांपैकी हारी ही माणूस नाही. नायक केल्व्हिनच्या मृत पत्नीची स्मृती वाचून सोलारिसच्या समुद्राने तिला घडवले आहे. सार्टोरियस तिला तोंडावर सांगतो की ती केवळ नक्कल आहे. ती उत्तर देते की आपण माणूस होत चाललो आहोत. आवाज फारसा चढत नाही, यंत्र बिघडत नाही, कुणी कुणाच्या मागे धावत नाही. तरीही त्या चित्रपटातले सर्वांत अवघड दृश्य हेच आहे.

हा वाद तारकोव्हस्कीला नियंत्रणकक्षातही घेता आला असता. त्याने तो पुस्तकांत आणि चित्रांत घेतला, कारण आपण माणूस असल्याचा पुरावा म्हणून पृथ्वीने जे काही सोबत पाठवले ते सारे त्या खोलीत आहे, आणि त्या पुराव्यांच्या मधोमध बसून समुद्राने घडवलेली बाई त्यात आपला वाटा मागते आहे. पुढे काही सेकंद स्थानकाचे गुरुत्व जाते. मेणबत्त्यांचा दिवा तरंगतो, उघडे पुस्तक तरंगते, ती दोघेही तरंगतात. हा क्षण ओसरल्यावर हारी द्रवरूप ऑक्सिजन पिऊन जीव द्यायचा प्रयत्न करते. ज्या खोलीला आपले टीकाकार आरामाची जागा म्हणतात, त्या खोलीतून ती थेट तिथे पोहोचते.

स्टॅनिस्वाफ लेमच्या मूळ कादंबरीत (१९६१) तर ग्रंथालय आणखी क्रूर आहे. सोलारिसच्या अभ्यासाला तिथे शंभरावर वर्षे झाली आहेत. जाडजूड ग्रंथ आहेत, संप्रदाय आहेत, समुद्रावर उमटणाऱ्या आकारांची वर्गवारी आहे. केल्व्हिन ते ग्रंथ वाचत राहतो आणि वाचकाच्या हळूहळू लक्षात येते की इतक्या पानांत समुद्राचे आकलन मात्र कुठेच नाही. फळ्यांवर फळ्या भरलेल्या ज्ञानासमोर माणूस अडाणीच उरतो, ही भीती कुठल्याही राक्षसाच्या वरताण आहे.

घड्याळाच्या काट्यावर चालणारा थरार हवा असेल, तर ‘स्टार ट्रेक’मधला १४ मार्च १९६९ रोजी प्रसारित झालेला ‘ऑल अवर यस्टरडेज’ हा भाग आहे. ग्रहाच्या सूर्याचा स्फोट काही तासांवर आला आहे. ग्रहावर चिटपाखरू नाही. उरले आहे ते एक ग्रंथालय आणि त्याचा म्हातारा ग्रंथपाल. वाचकाने तबकडी निवडायची, दारातून आत जायचे आणि निवडलेल्या भूतकाळात कायमचे राहायचे. सगळी प्रजा अशीच निसटून गेली आहे. मालिकेचे नायक कर्क, स्पॉक आणि मॅकॉय चुकून त्या दारातून जातात. ग्रंथपाल यात खलनायक नाही. तो कर्तव्यदक्ष आहे, शेवटच्या वाचकाची सोय लावल्याशिवाय त्याला जागा सोडायची नाही, आणि त्याच्या कर्तव्यदक्षतेनेच कर्कच्या जिवावर बेतते. हा भाग लिहिणारी जीन लिझेट अरोएस्ट ही लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्रंथपाल होती. आपल्या कामाच्या जागेत किती ताण दडलेला आहे, हे तिला टीकाकारांपेक्षा अधिक ठाऊक असणार.

यानांच्या भक्तांसाठी एक शेवटचे उदाहरण. ‘इंटरस्टेलर’चा (२०१४) नायक कृष्णविवरात शिरतो आणि पोहोचतो कुठे, तर मुलीच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटामागे. फळीवरून पुस्तके ढकलून तो तिला निरोप देतो. एवढा अवाढव्य खर्च करून दिग्दर्शक नोलनने प्रेक्षकाला जिथे आणून सोडले, ती जागा कपाटामागचीच होती.

हे पुन्हापुन्हा घडते त्याला कारण आहे. ग्रंथालयात आवाज दाबून बोलावे लागते, म्हणजे मदतीसाठी ओरडायचे म्हटले तरी माणूस आधी कचरतो. प्रत्येकाचे डोळे पुस्तकात असतात, त्यामुळे कोण वाचतो आहे आणि कोण पाळतीवर आहे हे कळत नाही. फळीवरून एक ग्रंथ गेला तरी रिकामी जागा दिसते. कोणी काय नेले याची नोंद वहीत असते. आणि रोज एक वेळ येते जेव्हा कर्मचारी दिवे मालवायला लागतात, काम झालेले असो वा नसो. ताण निर्माण करू पाहणाऱ्या लेखकाला यातली प्रत्येक सोय आयती मिळते.

दुसरा आरोप अधिक प्रतिष्ठित आहे. ग्रंथालय म्हणजे भूतकाळ, विज्ञान म्हणजे भविष्य. ही समजूत बाळगणाऱ्यांनी विज्ञान चालते कसे हे पाहिलेले नाही. इ. स. १०५४ मध्ये चिनी निरीक्षकांनी आकाशात अचानक उगवलेल्या ताऱ्याची नोंद केली. विसाव्या शतकात खगोलशास्त्रज्ञांनी ती नोंद वाचली आणि खेकडा तेजोमेघ हा त्याच स्फोटाचा अवशेष असल्याचे ओळखले. हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाच्या पाच लाखांहून अधिक काचपट्ट्या जपलेल्या आहेत. तिथल्याच काचपट्ट्या तासन्‌तास एकमेकींशी ताडून हेन्रिएटा लेविटने १९१२ मध्ये सेफीड ताऱ्यांचा तो नियम मांडला, ज्यावर पुढे विश्वाची अंतरे मोजली गेली. जुनी नोंद नसेल तर नवे काय हे ठरवताच येत नाही.

मराठी वाचकाला याचा दाखला बाहेरून आणायची गरज नाही. जयंत नारळीकर यांच्या ‘यक्षांची देणगी’ या संग्रहात ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आहे. ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात आली आणि देशभरच्या मुलांनी वाचली. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका वेगळ्याच मुंबईत येऊन पडतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून टिकून आहे. नारळीकर जगभर नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. नायकाला वेधशाळेत पाठवणे त्यांना सर्वांत सोपे होते. त्यांनी त्याला टाउन हॉलच्या ग्रंथालयात पाठवले.

आणि तिथे काय घडते? गंगाधरपंत स्वतः लिहिलेल्या इतिहासाचे पाच खंड मागवतात. पहिले चार खंड, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंतचे, त्यांनी लिहिले होते तसेच आहेत. म्हणजे फाटा फुटला तो पाचव्यात. मग ते पाचवा खंड दोन्ही टोकांकडून वाचत आत येतात. सुरुवातीकडून येताना सगळे ओळखीचे, शेवटाकडून येताना सगळे परके, आणि मधले अंतर पानापानाने कमी होत जाते. दोन्ही वाटा मिळतात त्या पानावर पानिपत आहे. विश्वासरावांना गोळी चाटून गेली आहे. मराठे जिंकले आहेत.

मराठी विज्ञानकथेत याहून ताणलेला प्रसंग दाखवणे कठीण आहे, आणि यात एक माणूस टेबलाशी बसून पाने उलटतो आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवसाचे काय झाले हे मराठी वाचकाला पाठ असते, त्यामुळे ते पान जवळ येते तसा त्याचा श्वास रोखला जातो. पुढे एक बखर गंगाधरपंतांच्या खिशात जाते आणि तिचे फाटलेले एक पान आपल्या जगात पुरावा म्हणून उरते. राजेंद्र देशपांडे पुंजभौतिकीच्या आधारे त्याचा अर्थ लावतात तो त्यानंतर. जग बदलले आहे हे हुडकणारे उपकरण या कथेत ग्रंथालयच आहे. मागे पाहणारी जागा म्हणून तिला नाकारायचे, तर पानिपताची हुरहुरही नाकारावी लागेल. ती हुरहुर आपल्यापर्यंत आली तीसुद्धा कागदांतून. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, त्यात पानिपतापर्यंतच्या काळातली पत्रे होती.

वॉल्टर मिलरच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’मध्ये हाच मुद्दा अधिक बोचरा होतो. अणुयुद्धानंतरच्या काळोखात एका मठातले भिक्षू उरलीसुरली कागदपत्रे जपतात. ब्रदर फ्रान्सिस विद्युतमंडलाच्या एका आराखड्याची सोनेरी वेलबुट्टीने नटवलेली प्रत वर्षानुवर्षे खपून काढतो. आराखडा कशाचा, हे त्याला कळत नाही. काही शतकांनी ते ज्ञान पुन्हा जिवंत होते आणि माणूस पुन्हा अणुबाँबपाशी येतो. मिलर दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानावर होता आणि १९४४ मध्ये इटलीतल्या मोंते कासिनोच्या मठावर झालेल्या बाँबफेकीत त्याचा सहभाग होता. जपणे हे निरागस काम आहे, असे त्याला कधीच वाटले नसावे. त्याच्या ग्रंथालयात भविष्यच साठवलेले आहे, आणि ते भयंकर आहे.

आता उबेचा आरोप. ग्रंथालय सुरक्षित असते, हे कोणी ठरवले? ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाचे ग्रंथालय जाळले. दोन-तीन लाख ग्रंथ गेले. पुण्यात ५ जानेवारी २००४ रोजी जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात घुसला, कपाटे पाडली, ग्रंथांची आणि वस्तूंची नासधूस केली. याच संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या कामातून सिद्ध झाली होती. एका पुस्तकावरचा राग हजारो पोथ्या जपणाऱ्या इमारतीवर निघाला. पुण्यातल्या वाचकाला ग्रंथालयातली भीती कल्पनेने रंगवावी लागत नाही.

विज्ञानकथेला साजेशी भीती हवी? ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीखोर हॅकरांनी लंडनची ब्रिटिश लायब्ररी ठप्प केली. लायब्ररीने खंडणी दिली नाही. चोरट्यांनी सुमारे ६०० जीबी माहिती बाहेर टाकली. मुख्य कॅटलॉग परत दिसू लागला तो जानेवारी २०२४ च्या मध्यावर. मधले अडीच महिने कोट्यवधी ग्रंथ आपापल्या जागी शाबूत होते आणि कोणता कुठे आहे हे सांगणारी यंत्रणाच गेली होती. याच लायब्ररीचे यॉर्कशरमधल्या बॉस्टन स्पा इथे कोठार आहे. आग लागू नये म्हणून तिथल्या हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या २१ टक्क्यांवरून सुमारे १५ टक्क्यांवर ठेवलेला असतो. काळोखात यंत्रे फिरतात आणि पुस्तके काढून आणतात. पुस्तकांसाठी हवा बदललेली आणि माणसाला जवळजवळ हद्दपार केलेली ही इमारत कादंबरीतली नाही. ती चालू आहे.

कादंबरीकारांनी आणि पटकथाकारांनीही हे ओळखले आहे. रे ब्रॅडबरीने ‘फॅरनहाइट ४५१’चा पहिला अवतार लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठ ग्रंथालयाच्या तळघरात, अर्ध्या तासाला दहा सेंट भाड्याच्या टंकयंत्रावर बडवला. त्यातली म्हातारी आपल्या घरातली पुस्तके सोडायला नकार देते आणि काडी स्वतःच ओढते. ‘डॉक्टर हू’च्या २००८ मधल्या ‘सायलेन्स इन द लायब्ररी’ या भागात अख्खा ग्रह ग्रंथालय आहे आणि सावल्या माणसे खातात. ज्या जंगलांच्या लाकडाचा कागद झाला, त्या जंगलांतच या सावल्यांची वस्ती होती. लेखक स्टीव्हन मॉफॅटने भीती बाहेरून आणून ग्रंथालयात सोडलेली नाही, ती पुस्तकांतूनच उगवली आहे. दिव्याखालची उबदार जागा जितकी आकर्षक, तितकी तिच्या कडेची सावली जीवघेणी. ऊब काढून टाका, भाग उरत नाही.

टीकाकारांचे एक म्हणणे मात्र मान्य करायला हवे. वाईट ग्रंथालयकथा पुष्कळ आहेत. अलीकडे चामडी बांधणी, मेणबत्त्या आणि पावसाळी खिडकी यांची जी समाजमाध्यमी फॅशन आहे, तिच्यात ग्रंथालय नुसते नेपथ्य होते. कपाटात काय आहे याला महत्त्व नसेल तर ते कपाट वॉलपेपरसारखेच. दुसरा रोग याहून जुना. नायक हात घालतो तेच पुस्तक, उघडतो तेच पान, वाचतो तीच ओळ. शोध फुकट मिळाला की ताण संपतो. तिसरा रोग प्रवचनाचा. ग्रंथालय मिळाले की पात्रे एकमेकांना व्याख्याने द्यायला लागतात, आणि यात असिमोव्हही निर्दोष नाही.

‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (२००२) हा वाया घालवलेल्या संधीचा नमुना आहे. ओबी-वॉन जेडाय ग्रंथागारात येतो आणि नकाशातून एक ग्रहच पुसलेला आढळतो. नोंदीत नाही म्हणजे अस्तित्वातच नाही, अशी तिथल्या ग्रंथपालबाईंची ठाम समजूत आहे. केवढा स्फोटक ऐवज! आतल्याच कोणीतरी नोंदी खोडल्या आहेत आणि संस्थेला स्वतःवर संशय घेता येत नाही. पण चित्रपट हे कोडे एका लहान मुलाकडून चुटकीसरशी सोडवून घेतो आणि पुढे पळतो. त्याउलट ‘रोलरबॉल’मध्ये (१९७५) एका छोट्या प्रसंगात जगाची सगळी पुस्तके साठवणारा संगणक तेरावे शतक हरवून बसल्याचे ग्रंथपाल वैतागून सांगतो, आणि हसता हसता प्रेक्षकाला घाम फुटतो. ग्रंथालय दोन्हीकडे आहे. दोष जागेचा असता तर दोन्ही फसले असते.

हा वाद मराठीत लढवायला वेगळे कारण आहे. आपल्याकडे अशा कथांना जागा शोधत फिरावे लागत नाही. मुंबईच्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीतल्या कागदांचे हजारो रुमाल बांधलेले पडून आहेत आणि त्यातले बहुतेक कोणी वाचलेले नाहीत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालये गावोगाव आहेत. मोडी वाचणारी संगणकप्रणाली उद्या त्या रुमालांवर बसवली आणि तिने दिलेले वाचन आणि प्रत्यक्ष कागद जुळेनासे झाले, तर खोटे कोण बोलते आहे? या प्रश्नावर कादंबरी उभी राहू शकते, आणि तिला अंतराळात जायची गरज नाही.

तेव्हा विज्ञानकथा मागवणाऱ्या दिवाळी अंकांच्या संपादकांना एक विनंती. कथा परत पाठवायची तर जरूर पाठवा, पण ‘सगळे ग्रंथालयातच घडते’ हे कारण लिहू नका. ताण नाही असे वाटले तर तसे लिहा, आणि तीच कसोटी शेजारी पडलेल्या मंगळस्वारीच्या कथेलाही लावा.